न फोडलेली मूर्ती

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्या बायकोची एक गोष्ट सांगतात. तिच्या आईने दिलेली मरियेची लाकडी मूर्ती तिने स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या वरवंट्याने फोडली, आणि त्या दिवसापासून ती खऱ्या अर्थाने प्रभूची झाली. रविवारच्या शाळेत ही गोष्ट मुलांना सांगतात. पाहुणे पाळक आले की त्यांना सांगतात. मागच्या हिवाळ्यात तिला पुरताना, कबरीपाशी उभं राहूनही सांगितली.

तिने मूर्ती फोडली नव्हती. ही गोष्ट मी रचली. मंडळीसमोर मी ते बोललो आहे, पण बोललेलं लोक आपापल्या परीने वळवतात. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

मी भिलाईला कारखान्यात पॅटर्न शॉपला होतो. ओतीव लोखंडाचा भाग करायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना घडवतात. तो वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. हा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. माझी सगळी नोकरी पॅटर्न घडवण्यात गेली. आमचे लोक पूर्व विदर्भातले, आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेले, प्रोटेस्टंट. बायको भिलाईजवळच्या नंदिनी नगर या खाणवसाहतीतली. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत कामाला. तेही मराठी, तेही ख्रिस्ती, पण कॅथलिक. लग्न ठरताना दोन्हीकडे कुरकुर झाली आणि शेवटी तिने आमच्या मंडळीत यावं असं ठरलं. ती आली. येताना ट्रंकेत मूर्ती घेऊन आली.

मूर्ती वीतभर उंच. हलक्या लाकडाची होती, हातात घेतल्याबरोबर मला कळलं. निळा रंग जागोजागी उडालेला. पावलं तर पार गुळगुळीत झालेली, बोटंसुद्धा ओळखू येत नव्हती, कारण तिची आई रोज सकाळी त्या पावलांना हात लावायची. बायकोही तेच करायची. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर मूर्ती उभी असे. उदबत्ती नाही, हार नाही. चहाचं आधण ठेवण्याआधी दोन बोटं पावलांना लावायची, बस. मी पाहायचो आणि काही म्हणायचो नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून दहा आज्ञा बोटांवर मोजल्या होत्या. का, ते आठवत नाही. काहीतरी थट्टा चालली होती. मोजता मोजता लक्षात आलं की आमच्या आज्ञा जुळत नाहीत. आमच्यात कोरीव मूर्ती करू नये ही दुसरी आज्ञा. त्यांच्यात ती पहिलीतच येते, आणि देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही दुसरी. मग त्यांच्या दहा भरतात कशा? तर शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नये ही त्यांची नववी, आणि शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये ही दहावी. आमच्यात ते सगळं दहावीतच.

"म्हणजे तुमच्याकडं बायको अन् बैल एकाच आज्ञेत?" ती म्हणाली. "आमच्यात पाहा, बायकोले सोताची आज्ञा आहे."

पुढची कितीतरी वर्षं मी काही चुकलो की ती म्हणायची, "आमाले बैलाच्या रांगेत बसवलं, अजून काय पाह्यजे."

हे इतकं सांगायचं कारण, तिला आज्ञा येत होत्या, आणि मला ते माहीत होतं.

छत्तीसगड राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची पुढची गोष्ट. आम्ही स्मृति नगरला घर बांधून राहायला गेलो होतो. मुलगी कॉलेजात होती. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जाणत्या माणसांना आमच्याकडे 'वडील' म्हणतात. त्यांची बसायची जागा पुढे, पाळकांच्या शेजारी असते. माझं नाव वडील म्हणून पुढे आलं. मुलीच्या लग्नाच्या दृष्टीने ते बरं, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. ते काही खरं नव्हे. मला ती पुढची खुर्ची हवी होती.

नेमणुकीआधी जुने वडील घरी येऊन कुटुंबाची चौकशी करतात, अशी पद्धत. मी बायकोला म्हणालो, मूर्ती आज ट्रंकेत ठेव.

"कावून?"

"लोक येऊन राहिले."

"लोकांनी का पाह्यलं तर ती उडून जाते?" ती म्हणाली, पण लुगड्यात गुंडाळून तिने ती ट्रंकेत ठेवली.

पाळक आले आणि त्यांच्याबरोबर ज्येष्ठ वडील आले. ज्येष्ठ वडील रोलिंग मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, ताठ, करड्या आवाजाचे. चहा झाला. प्रार्थना झाली. मग ते सहज, हसतच बायकोला म्हणाले, "बाई, दुसरी आज्ञा सांगा बरं."

"देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये," ती म्हणाली.

"ते तिसरी झाली."

"दुसरी."

ज्येष्ठ वडिलांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक बशीकडे पाहत राहिले. "इतकी वर्षं मंडळीत येऊन राहिल्या, बाई," ज्येष्ठ वडील म्हणाले, "अन् दुसरी आज्ञा येत नाही? का तीच तेवढी येत नाही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. उलट ती हसण्याच्या बेतात होती. आता हे सांगतील, मोजून दाखवतील, बायको-बैलाचीही गोष्ट निघेल, असं तिला वाटलं असावं. एका वाक्याचं काम होतं. ते बोललो असतो तर ती कॅथलिक शिकवणीतच अजून बसलेली आहे असा अर्थ निघाला असता. मी म्हणालो, "लहानपणी तिला कोणी नीट शिकवलं नाही."

तिचं हसू जागच्या जागी विझलं.

"घरात मूर्ती आहे?" ज्येष्ठ वडिलांनी विचारलं. त्यांनी ते माझ्याकडे पाहून विचारलं होतं.

उत्तर तिने दिलं. "आहे." ती उठून आत गेली आणि मूर्ती आणून टीपॉयवर कपबशांच्या मध्ये ठेवली. ज्येष्ठ वडिलांनी आपला कप उचलून मांडीवर घेतला.

"मी हिची पूजा करत नाही," ती म्हणाली. "हिच्या पायाले माझ्या आईचा हात लागला आहे. तिथी मी हात लावते."

"हात लावणं म्हणजेच ते."

"तुमच्या घरी तुमच्या बाबांचा फोटो आहे. पुसता तवा हात नाही लागत?"

"फोटो वेगळा."

"कसा वेगळा?"

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं मला आजही खोडता येत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या आजोबानं घरातले देव टाकले तवा गावानं त्याले विहिरीवर चढू नाही दिलं. आजी नाल्यातलं पाणी गाळून भरे. एक लेकरू त्याच पाण्यानं गेलं. तवा त्यायनं म्हटलं असतं, एखादी लहानशी मूर्ती राहू द्या, आईच्या आठवणीसाठी, तर? ते सारं कशासाठी सोसलं मंग?"

ज्येष्ठ वडील उठता उठता मला म्हणाले, "रविवारपर्यंत पाहा. प्रभुभोजन आहे. बाईंना घेता येईल का नाही, ते तुमच्या हातात."

ते गेल्यावर ती कपबशा विसळत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुमच्या पॅटर्नले तुमी लोखंड म्हणता का?"

"नाही."

"पण त्याच्याशिवाय लोखंड होते का? मंग मलेही माहीत आहे हे लाकूड आहे. त्याच्यावरून माझं मन घडते, बस."

मी म्हणालो, मंडळीला हे समजावता येत नाही. ती म्हणाली, "मंडळीले नाही. तुमाले म्हणून राहिली मी."

आणखी एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, कारण ती मी कधी कोणाला सांगितली नाही. दर सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला आमच्या शॉपमध्ये यंत्रं धुऊन त्यांना हार घालत. मीही माझे रंधे, पटाशी तेल लावून मांडत असे, सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहत असे आणि नारळाचा तुकडा खात असे. नाही म्हटलं असतं तर इंचार्ज काही बोलला नसता, फक्त तोंड वाकडं केलं असतं. तेवढंही मला नको होतं. हा माणूस बायकोकडून दुसरी आज्ञा पाळून घ्यायला निघाला होता.

त्या आठवड्यात मी मूर्ती डब्याच्या पिशवीत घालून शॉपमध्ये नेली. तोडायची म्हणून नेली होती. करवतीपाशी उभा राहिलो. पावलांकडे लक्ष गेलं आणि माझ्याच्याने होईना. मग पॅटर्न स्टोअरमध्ये गेलो. तिथे छतापर्यंत रॅक, आणि रॅकवर लाकडी चाकं, दाते, पाइपाचे बाक, हजारो आकार. लाकडाची वस्तू लपवायला त्याहून चांगली जागा नाही. मी मूर्तीला शॉपमधला लाल रंग फासला, ओळखू येऊ नये म्हणून चेहऱ्यालाही, तळाशी एक खोटा नंबर घातला आणि सगळ्यात वर एका तुटक्या गिअरच्या पॅटर्नमागे तिला उभी केली.

बायकोला सांगितलं, "सुरक्षित आहे. हे निपटू दे, परत आणतो."

"कुठी आहे?"

"सुरक्षित आहे म्हटलं ना."

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. कोणाच्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते उभं राहून सांगायचं, तिला आम्ही साक्ष म्हणतो. पाळकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उभा राहिलो. मूर्ती घरात नाही, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. पण नवऱ्याने काढून नेली म्हटलं तर बाईचं मन बदललं असं कसं होणार? तिला प्रभुभोजनाची भाकर देतील? मला वडील करतील? हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं, "तिनंच फोडली. सोताच्या हातानं."

"हालेलुया," मागून कोणीतरी म्हणालं. बायकांच्या बाजूला सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पाळकांनी विचारलं, "खरं ना, बाई?"

ती माझ्याकडे पाहत होती. ती नाही म्हणाली असती तर मी तिथेच संपलो असतो, आणि ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिने मान खाली घातली. मंडळीने तो होकार मानला आणि गाणं सुरू झालं.

घरी परतताना स्कूटरवर ती एकच वाक्य बोलली. "आता तर फोडून झाली, आता आणून द्या."

मला आणता येईना. फोडलेली मूर्ती घरात दिसली असती तर आम्ही दोघं खोटे ठरलो असतो.

ही बातमी नंदिनी नगरला पोहोचायला वेळ लागला नाही. तिचा धाकटा भाऊ मोटारसायकलवर आला. तोही खाणीत होता; कामावरून तसाच आलेला, भुवयांवर पांढरी धूळ. फाटकाच्या आत आला नाही.

"ताई, आईची मूर्ती फोडली म्हणते. खरं आहे का?"

मी दारात टॉवेल घेऊन उभा होतो. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मी टॉवेलने मान पुसत राहिलो.

"हो," ती म्हणाली.

"कायनं?"

न केलेल्या कामाचं हत्यार कुठून आणणार? "वरवंट्यानं," ती म्हणाली.

तो मोटारसायकल वळवून निघून गेला. नंतर ना राखीला आला, ना माझ्या मुलीच्या लग्नाला. आणि मी काय केलं? पुढच्या वेळी कोणी विचारलं तेव्हा मी 'वरवंट्यानं' हाही शब्द साक्षीत घातला, कारण त्याने गोष्ट खरी वाटते. पुढची खुर्ची मला मिळाली.

मूर्तीबद्दल तिने नंतर एक-दोनदा विचारलं, मग विचारायची थांबली. निवृत्तीच्या आधी मी स्टोअरमध्ये गेलो. ते रॅक रिकामे होते. जुने, निकामी पॅटर्न मोडीत काढून सरपणात गेले होते. घरी येऊन सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"चला," ती म्हणाली. "आता तुमची साक्ष खरी झाली."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. पुरायला मंडळी जमली होती. पाळक आता नवे आहेत, तरुण, मनाने चांगले. त्यांनी तीच ऐकलेली गोष्ट सांगितली, मूर्ती, वरवंटा, सगळी. मी मान वर केली तर तिचा भाऊ दिसला. एवढ्या वर्षांनी आला होता, सगळ्यांच्या मागे, केस पूर्ण पांढरे झालेले. कबरीत टाकायला मुठीत माती घेऊन उभा होता. वरवंटा ऐकल्यावर त्याने मूठ उघडली. माती त्याच्याच चपलांवर पडली. मग तो निघून गेला.

त्यानंतर मला घरात बसवेना. तांदळाच्या डब्यावरची फळी रोज दिसे. शेवटी एक दिवस बसने अहिवाऱ्याला उतरलो आणि तिथून ऑटोने नंदिनी नगरला गेलो. तो अंगणात खाटेची नवार ताणत बसला होता. मला पाहून उठला नाही, पण बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"बोला भाऊजी."

मी सगळं सांगितलं. दुसरी आज्ञा, करवत, लाल रंग, टॉवेल. तो नवार ताणत होता, ताणतच राहिला. वरवंट्याचं आलं तेव्हा हात थांबला.

"वरवंटा बी नव्हता?"

"तुम्ही विचारलं म्हणून तिनं तो बनवला. मला वाचवायला."

"म्हणजे मीच बनवून घेतला." त्याने नवारीचं टोक सोडून दिलं. मग म्हणाला, "आई मरेपर्यंत विचारे, पोरगी मूर्तीच्या पायाले हात लावते का? मी म्हणो, लावते. अन् मनातून ताईले शिव्या देत राहिलो." आणि एकदम आवाज चढवून, "तुमाले तोंड नव्हतं का हो? फाटकात उभा होतो मी! एक शब्द बोलले असते!"

मी म्हणालो, माफी मागायला आलो.

"मले कायले सांगता? माझ्यापुढं नव्हतं म्हटलं तुमी. जिथी म्हटलं तिथी जाऊन म्हणा. मंग पाहू."

रविवारी साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. सुरुवात केली तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा बायकोच्या आठवणी काढतो आहे. 'तिनं फोडली नाही' असं म्हणालो तेव्हा कुजबुज सुरू झाली. तरुण पाळकांनी कीबोर्डवाल्याला खूण केली आणि गाण्याची सुरावट निघाली. तेव्हा ज्येष्ठ वडिलांनी हात वर केला. ते आता फार थकले आहेत, कानाला यंत्र लागतं, पण हात वर झाला की अजून सगळे थांबतात.

"बोलू द्या त्यायले," ते म्हणाले.

मी शेवटपर्यंत बोललो. विश्वकर्मा पूजेचं तेवढं राहिलं. ते इथेच पहिल्यांदा सांगितलं आहे.

ज्येष्ठ वडील काठी टेकून माझ्यापाशी आले. "दुसरी आज्ञा. ती तिनं बरोबर सांगितली होती म्हणता?"

"तिच्या मोजणीत बरोबर होती. मला माहीत होतं."

"मूर्ती चूकच होती. माझं मत बदलत नाही."

"नका बदलू. पण तिनं फोडली नव्हती."

ते यंत्र चाचपत उभे राहिले. "अन् मी तिले तिच्याच घरी हसलो होतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "मंग इतके दिवस आपण पोरायले कोणाची साक्ष सांगून राहिलो?"

वडीलपण मी त्याच दिवशी सोडलं. सोडलं नसतं तर काढून घेतलं असतं, यात शंका नाही. काही लोक आता माझ्याशी बोलत नाहीत. काहींचं म्हणणं, झालं गेलं ते उकरायचं कशाला, इतकी चांगली गोष्ट होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. आमच्या मंडळीत ते चालत नाही. मेलेल्यांसाठी काही करणं आमच्यात नाही. त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी कब्रस्तानात गेलो. आमच्या मंडळीतले दोघं पलीकडे एका कबरीवरचं गवत काढत होते. भाऊ फाटकातून आला. हातात मेणबत्त्यांचं पुडकं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "तुमच्याकडची एक बाई आमच्या नात्यात आहे. म्हणे, तुमी उभ्यानं थरथरत होते."

"थरथरत होतो."

त्याने मेणबत्ती कबरीच्या उशाला रोवली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. वारा होता. ते दोघं गवत काढायचे थांबून आमच्याकडे पाहत होते.

"पाहून काय राहिले भाऊजी? हात लावा आडवा. का त्यालेही मंडळीची परवानगी लागते?"

मेणबत्तीने तिला काही पोहोचतं असं मी मानत नाही. अजूनही मानत नाही. ते दोघं पाहत असतानाच मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांचा आडोसा केला. वात पेटली. चटका बसेपर्यंत हात तसेच धरून ठेवले.

मग तो म्हणाला, "सरका जरा." कबरीच्या कडेची माती त्याने मुठीत घेतली, ढेकळं चुरून बारीक केली आणि हळूहळू कबरीवर सोडली. हात झटकले. आम्ही दोघं खाली बसून ज्योत पाहत राहिलो.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्याकडं बायको अन् बैल अजून एकाच आज्ञेत आहेत का?"

ती माहेरी जाऊन हे सांगत असे, हे मला ठाऊक नव्हतं.

"आहेत," मी म्हणालो. "अजून तसंच आहे."